अकोल्याचा हात

अमरावतीच्या तार ऑफिसातलं साउंडर यंत्र दोनदा नुसतंच टकटकलं आणि हरिहरच्या हातातला चहा बशीत सांडला.

दोन रिकामे ठोके. ना अक्षर, ना आकडा. बोलण्याआधी माणूस घसा खाकरतो ना, तसे. अख्ख्या वऱ्हाडात तारेवर असं खाकरणारा माणूस एकच, अकोल्याचे मोरोपंत.

"आला वाटते तुमचा दोस्त," खिडकीवर तारांचे फॉर्म घेणारा उद्धव म्हणाला. "आता आमच्याशी कोन बोलते."

हरिहरनं त्याला हातानंच गप्प केलं आणि खुर्ची पुढं ओढली.

मोरोपंत रिटायर झाले होते, पण सवय कुठली रिटायर व्हायला. दुपारी तारांची गर्दी ओसरली की ते पायी पायी अकोल्याच्या तार ऑफिसात जाऊन बसत. त्यांच्या जागेवर आलेला सूर्यभान मुकाट्यानं खुर्ची द्यायचा, आणि मग अमरावती-अकोला अशी दहा मिनिटं दोन म्हाताऱ्यांची टकळी चालायची. इंग्रजी अक्षरांत मराठी, अरे-तुरेत, वाक्यावाक्याला 'बे'. कंबर धरली, डाळ शिजली नाही, सुनेनं तोंड फुगवलं. नियमात बसत नव्हतं, पण सांगतो कोण आणि कुणाला. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. हरिहर ओळखायचा तो मोरोपंतांचा हात, म्हणजे ठोके द्यायची ढब. वाक्यातला शेवटचा लांब ठोका ते उगाच रेंगाळवायचे.

अलीकडे ते येईनासे झाले होते. हरिहर रोज विचारायचा आणि सूर्यभान रोज कळवायचा, बरे आहेत, घरीच असतात.

आणि आज हे खाकरणं.

"जेवण झालं?" अकोल्याहून आलं. तोच रेंगाळता हात.

हरिहरला इतका आनंद झाला की त्याची बोटं अडखळली. "झालं. कुठी मेला होता बे इतके दिवस?"

मग आलं, "पडून होतो. खोकला."

"मले करमत नाही बे," हरिहरनं ठोकलं. घरी बायकोलासुद्धा कधी असं म्हणाला नसता, पण तारेवर माणूस निर्लज्ज होतो. "घरी गेलो तं भिंती पाहत बसतो. येत्या रविवारी अकोल्याले येऊन राहिलो. मोर्शीची संत्री आणतो. तुह्यं तोंड पाहाचं हाय एकदा."

उत्तर घाईघाईनं आलं.

"येऊ नका."

हरिहरचं बोट ठोके द्यायच्या कळीवर तसंच राहिलं.

'नको'चा शेवट, म्हणजे O, तीन लांब ठोक्यांचा असतो. हा शेवट एक आखूड, एक लांब असा आला होता, म्हणजे A. आयुष्यभर जो कान तारेला लावून बसला, त्याची अशी चूक होत नाही. मोरोपंत आणि आपल्याला 'नका'? मग त्याच्या ध्यानात आलं, एवढ्या बोलण्यात एकदाही 'बे' आलं नव्हतं. मघाशी आनंदाच्या भरात आपण ऐकलंच नाही. खाकरणं तेच होतं, रेंगाळणं तेच होतं. कुणीतरी हात उचलला होता हुबेहूब. फक्त थोरल्या माणसाला 'नको' म्हणायला त्याचं बोट धजलं नव्हतं.

"काय म्हनते मोरोपंत?" उद्धवनं विचारलं.

हरिहरनं कळ दाबली.

"सूर्यभान. कधी गेले?"

आता आला तो सूर्यभानचा स्वतःचा हात, शाळेत शिकवल्यासारखा नीटस.

"मंगळवारी. तुमी रोज विचारत होते. मले सांगता नाही आलं."

तारवाल्याला सांगता येऊ नये? अमका वारला, तमका वारला, लवकर निघा. अशा तारा दोघांनीही रोज ठोकायच्या आणि वर चहा प्यायचा. ही मात्र अडली.

"त्याइच्या बाजूले बसून बसून हात बसला होता," सूर्यभान कळवत होता. "वाटलं, तुमाले थोडं बरं वाटन. चुकलं माहं. माफ करा."

हरिहरच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही. उद्धवनं एकदा पाहिलं आणि खिडकीतल्या गिऱ्हाइकाला थोडं थांबायला सांगितलं.

रागवायला पाहिजे होतं. मेलेल्या माणसाचं सोंग आणलं होतं त्यानं. पण मघाची ती चार वाक्यं हरिहरच्या कानात अजून होती, आणि ती आणखी हवी होती, हे खोटं कसं म्हणणार. त्यानं धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि सावकाश ठोकू लागला.

"नका नाही म्हणत तो. नको म्हण. आन् पुढं बे."

गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. हरिहर साउंडरकडे बघत बसून राहिला.

मग दोन रिकामे ठोके आले.

"येऊ नको बे." त्यातला 'बे'चा लांब ठोका चांगलाच रेंगाळला.

"येतोच," हरिहरनं उलट कळवलं. "संत्री आता तुलेच खा लागतीन बे."