खालच्या गल्लीची सही

"मैदान मिळणार नाही, बाबासो. उद्या आलात तरी उत्तर हेच."

फौजदारांनी अर्ज टेबलावरून परत सरकवला. बाबासो उठला नाही. शिरोलीच्या फौंड्रीतली पाळी संपवून तो सरळ पोलीस ठाण्यात आला होता. महापालिकेत सांगत होते, आधी पोलिसांचा ना हरकत दाखला आणा, मग मैदान देतो. आणि पोलीस म्हणत होते, ह्या दोन संघांना दाखला नाही.

कारण सगळ्या पेठेला माहीत होतं. गेल्या साली वरची गल्ली आणि खालची गल्ली यांचा फुटबॉलचा सामना सुटला आणि दगडफेक झाली. एक दगड बाबासोच्या थोरल्या पोराच्या, पृथ्वीराजच्या कानशिलावर बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. दगड मारणारा खालच्या गल्लीतला गुंडू आता कळंब्याच्या जेलमध्ये होता. तेव्हापासून दोन्ही संघांना मैदान बंद.

"तुमचंच पोरगं गेलं," फौजदार आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुम्हीच परत सामना मागताय?"

बाबासोनं दाराकडं बघून घेतलं.

"धाकट्याच्या गादीखाली गुप्ती सापडली, साहेब. सूरजच्या. मी त्याच्या पाया पडलो. बापानं पोराच्या पाया पडायचं असतंय का? पण पडलो. त्यो म्हणतोय, आण्णा, दादाच्या वर्षश्राद्धाच्या आत खालच्या गल्लीला माझ्यासमोर मैदानात आणा, खेळून हिशेब करतो. न्हाईतर मी गल्लीत गाठतो."

"हे तुम्ही पोलिसाला सांगताय?"

"मग कुणाला सांगू? गुप्ती मी नदीत टाकली. दुसरी मिळायला काय वेळ लागतोय?"

फौजदारांनी अर्ज परत आपल्याकडं ओढला. मग म्हणाले, "दोन माणसं द्या. एक तुमच्या गल्लीतला, एक त्यांच्या. लेखी हमी पाहिजे. एक दगड जरी पडला, तरी पहिल्यांदा त्या दोघांना आत घेणार. संध्याकाळपर्यंत आणा, नाहीतर विषय संपला."

वरच्या गल्लीकडून बाबासो स्वतःच होता. प्रश्न दुसऱ्या सहीचा होता.

वर्षभरानं तो खालच्या गल्लीत शिरला. कट्ट्यावरची पोरं बोलायची थांबली. कुणी पाणी दिलं, कुणी चहा ठेवते म्हणालं. सही कुणीच देईना. संघाचा जुना अध्यक्ष आकाराम एके काळी त्याला बाबासो म्हणून लांबून हाका मारायचा. तो आज दारात उभा राहून म्हणाला, "दुःख कळतंय पावणं. पण पोलिसाच्या कागदावर नाव नगो. आमच्याबी घरात पोरं हाईत."

गल्लीच्या टोकाला गुंडूची आई चिमणाबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. तेवढं एक घर सोडून बाबासो पुढं गेला. तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा तो ठाण्यातल्या बाकड्यावर येऊन बसला. फौजदारांनी नुसती मान वर केली. बाबासोनं मान हलवली. घरी जाऊन सूरजला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. फौजदारांनी अर्ज उचलून ड्रॉवर उघडला.

"सही कुठं करायची?"

दारात चिमणाबाई उभी होती. भराभरा चालून आल्यानं तिला धाप लागली होती.

बाबासो ताडकन उठला. "हिची नको! साहेब, कुणाचीबी घ्या, हिची नको!"

सगळं ठाणं वळून बघायला लागलं. चिमणाबाईनं पदर खोचला आणि ती टेबलाशी आली.

"बाई, काही झालं तर तुम्हाला आत जावं लागेल," फौजदार म्हणाले. "माहीत आहे ना?"

"ठावं हाय."

"मग कशाला पडताय ह्यात?"

"सूरज काय करणार हाय, ते आमच्या गल्लीत समद्यास्नी ठावं हाय," ती म्हणाली. "ह्यांचं थोरलं मरून गेलं. माझं जित्तं असून गेलं. मी कळंब्याला जातो, जाळीतनं त्याचं तोंड बघतो आणि परत येतो. ह्यांचं धाकटं तितं माझ्या पोराच्या शेजारी उभं ऱ्हायलेलं मला बघायचं न्हाई."

बाबासो उभाच होता. मग त्यानं टेबलावरचं पेन उचललं, स्वतःची सही केली आणि पेन तिच्यापुढं ठेवलं.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी सामना झाला. हमी देणाऱ्या दोघांना फौजदारांनी रेषेलगत दोन खुर्च्यांवर बसवलं होतं. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सामना संपत आला तरी गोल होईना. तेवढ्यात सूरज चेंडू घेऊन सुटला आणि खालच्या गल्लीच्या एका पोरानं त्याला मागून आडवा केला. शिट्टी वाजली. सगळी गॅलरी उभी राहिली. वरच्या गल्लीतनं कुणीतरी पृथ्वीराजचं नाव घेऊन ओरडलं. पोलिसांनी काठ्या सरळ केल्या.

सूरज उठला. गुडघ्यातनं रक्त येत होतं. मुठी आवळून तो त्या पोराकडं वळला. बाबासो खुर्चीतच बसून राहिला.

चिमणाबाई उठली. रेषा ओलांडून चार पावलं आत गेली.

"लई लागलं का रं, बाळा?"

सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. सूरज थांबला. तिच्याकडं बघत राहिला. हळूहळू त्याच्या मुठी सुटल्या.

"न्हाई, मावशी," तो म्हणाला, आणि फ्री किकसाठी त्यानं चेंडू जमिनीवर ठेवला.