फाईलमधली बाई

वरच्या सुरापर्यंत लिस्बेत फोनमधल्या गाण्याच्या फाईलच्या बरोबरीने गेली आणि नेमका तिथेच तिचा आवाज फाटला. ती गप्प झाली. टेबलावरच्या स्पीकरमधून फाईल पुढे जेमतेम ऐकू येत राहिली, कारण तिने तिचा आवाज आधीच पार कमी ठेवला होता.

"बंदरावरची बगळी बरी म्हणायची!" स्वयंपाकघरातून तिचा नवरा प्रेबेन ओरडला. तो बटाटे सोलत होता.

"तुझे बटाटे बघ तू!"

तिने दार लावून घेतलं. एरवी ती हेडफोन लावून गायची, पण आजच मेल्याची बॅटरी संपली होती. आणि आवाजाची चाचणी तर उद्या सकाळी.

साठीच्या पुढच्या सगळ्यांचा आवाज तपासायचा, हे चर्चचा गायनवृंद चालवणाऱ्या नव्या पोराने, आस्गरने, ठरवलं होतं. पोरगा वाईट नव्हता, पण ईस्टरला त्याला चर्चचं छप्पर हलवायचं होतं. बायकांतल्या सगळ्यात वरच्या आवाजात, सोप्रानोत, टिकलीस तर राहा. खालच्या आवाजात आता जागा नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे उद्या नापास झाली की तिचा सरावाचा मंगळवार संपला. आणि मंगळवार सोडला तर तिच्याकडे दुसरं होतं काय? प्रेबेन, बटाटे आणि फ्योर्डच्या खाडीवरचा वारा.

वृंदातल्या निम्म्या लोकांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. म्हणून ज्याच्या त्याच्या आवाजाची फाईल वृंदाच्या वेबसाइटवर ठेवलेली असे. ती फोनमध्ये उतरवून घ्यायची आणि सायकलवर, भांडी घासताना, कानात घालून पाठ करायची. सोप्रानोची फाईल खूप जुनी होती. आधीच्या म्हाताऱ्या गुरुजींनी एका दुपारी चर्चच्या हॉलमध्ये ती करून घेतली होती. गुरुजी गेले, तेव्हाची माणसंही पांगली. फाईलवर गाणारीचं नाव नव्हतं. गाणारी लिस्बेतच होती.

तेव्हा तिने कोणाला सांगितलं नाही. या गावात स्वतःची टिमकी वाजवणं म्हणजे चारचौघांत दात कोरणं. प्रेबेन त्या वेळी बोटीवर होता. तो परत आल्यावर त्यालाही सांगायचं राहून गेलं. आणि आता तर सांगायची सोयच उरली नव्हती. गेल्या मंगळवारी आस्गरने सगळा वृंद थांबवला आणि म्हणाला, "लिस्बेत, फाईल ऐकतेस ना? मग त्या बाईकडून शीक जरा. जोर न लावता कशी वर जाते बघ."

शेजारी उभी राहणारी सिग्ने, पोरगेलीशीच, हळूच म्हणाली, "कोण असेल गं ती? जिवंत तरी असेल का अजून?"

"काय माहीत," लिस्बेत म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? 'ती मीच' म्हणावं, तर सगळे त्या आवाजाशेजारी हा आवाज ठेवून बघणार आणि चुकचुकणार. गप्प बसावं, तर स्वतःच्याच शिकवणीला बसायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला त्या बाईचा अस्सा राग येत होता! लिस्बेतला तिच्या जागेवरून उठवायला निघालेली बाई, आणि त्या बाईला दुखणं नाही, वय नाही, पडसंसुद्धा नाही.

तिने फाईलचा आवाज मोठा केला आणि ती पुन्हा लावली. ती जागा जवळ आली. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं, पण आवाज काढायची हिंमतच झाली नाही. स्पीकरमधली बाई एकटीच वर गेली, त्या सुरावर जरा रेंगाळली आणि सावकाश खाली आली.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"लिस्बेत?" प्रेबेनचा आवाज अगदी दाराला लागून आला. "अगं, लागला की सूर!"

तिने फाईल थांबवली.

"अस्साच होता तुझा आवाज. मला वाटलं होतं, गेला तो. बोललो नाही, इतकंच." त्याने नाक शिंकरलं. "आणि रात्री रडत काय बसली होतीस, वेडे? उद्या मीपण येतो. बाहेर बाकावर बसेन. त्या पोराची कशी जिरते ते ऐकायचंय मला."

"नको येऊस, प्रेबेन."

"येणार म्हणजे येणार. थांब, आत्ताच समोर बसून ऐकतो." दाराची मूठ हलली.

"नको!" ती धावत दाराशी गेली. "तू समोर असलास की मला जमत नाही."

"बरं बाई, इथेच उभा राहतो. पण तेवढं एकदा पुन्हा म्हण. तेवढंच."

लिस्बेतने एका हाताने दाराची मूठ घट्ट धरली, आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर फाईल तिथूनच पुन्हा लावली.