सात नंबरची पाटी

दंगलीला वीस वर्षं झाली, म्हणून साहेबांनी गल्लीतल्या जळालेल्या प्रत्येक घरावर स्मृतिफलक लावायचं ठरवलं. पक्ष बदलल्यापासून साहेबांना आमचा फार कळवळा.

त्यांचा कार्यकर्ता ड्रिल मशीन घेऊन आमच्या दारात आला. आई म्हणाली, "अरे, आमचं घर नाही जळलं. शेजारच्या वहिनी जाळणाऱ्यांच्या समाजातल्या. त्या सकाळी त्यांनी स्वतःच्या नावाची पाटी काढून आमच्या दारावर ठोकली, म्हणून जमाव पुढे गेला."

"यादीत आहे ना, आजी. सात नंबर." त्याने पिवळा पडलेला कागद पुढे केला. "साहेबांच्या कपाटात सापडली. त्यांच्याच अक्षरात आहे. बाकीची अकरा घरं तंतोतंत जुळली."

आईने यादी वरून खालपर्यंत वाचली. तिचं बोट सातवर थांबलं. तिने कागद परत दिला, मला आत ओढलं आणि दाराला कडी घातली. बाहेर ड्रिल सुरू झालं.

 

"ही यादी दंगलीच्या आधीची आहे," ती कुजबुजली, "आणि साहेबाने ती अजून जपून ठेवलीय."