लाकडी हाताचे ठोके

हल्ली काट्यांच्या घड्याळांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. जो तो हृदयाचे ठोके मोजणारं स्मार्टवॉच मागायचा. म्हणून दुकानदाराने शोकेसमधल्या लाकडी हातावरही तेच चढवलं.

भर दुपारी त्याचं लक्ष गेलं, तर घड्याळ ठोके दाखवत होतं. बहात्तर.

"अगं, लाकडाचे ठोके पडतायत!"

गल्ल्यावरची बायको हसली. "चला, दुकानात एकाची तरी तब्येत ठणठणीत आहे."

दोष घड्याळाचाच असणार, असं धरून त्याने दुसरं चढवलं. बहात्तरच. तिसरं चढवलं, तरी तेच. शेवटी तो हात काढून त्याने काउंटरवर आपल्यासमोर उभा केला.

आकडा झपाझप चढू लागला. शंभर. एकशे वीस.

"मला घाबरतोय की काय?" असं पुटपुटत तो दोन पावलं मागे सरला.

हात त्याला घाबरत असता, तर आता ठोके उतरायला हवे होते. ते आणखी वाढले.

ते सांगायला त्याने बायकोकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं होतं. ती त्याच्या खांद्यापलीकडे बघत होती.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "पुढे या. मागे वळू नका."