भेंडीची फुलं

"मेल्या भेंडीत दमच नाही! सगळी फुलं फरपटत उमटतायत," आई पुटपुटली. तिने दुसरी भेंडी आडवी कापून रंगात बुडवली आणि कागदावर टेकवली. बाबांनी लगेच कागदाला नावं ठेवली. लेक म्हणाली, "अगं, हल्ली अशीच फॅशन आहे." आपल्या मुलीच्या वाढदिवसाच्या भेटवस्तू आजीने छापलेल्या कागदातच बांधायच्या, असा हट्ट धरून ती आली होती. शाळकरी वयात मात्र मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाताना ती आईने छापलेला कागद रस्त्याच्या कोपऱ्यावरच फाडून टाकायची आणि दुकानातला चमचमता गुंडाळायची. आईचा हात पुन्हा टेकला, पुन्हा फुलाला शेपूट फुटलं. लेकीने न राहवून तिचं मनगट धरलं. आईच्या हाताची थरथर तिच्याही बोटांत शिरली. आईनेच भेंडी खाली ठेवली. "भेंडीचं काही चुकलं नाही गं. हातच ऐकत नाहीत आता. तू मागायला जरा उशीर केलास."