कपाटाचं दार
अकरा वर्षांपूर्वी सुतार वडिलांनी कपाटाच्या जुन्या दारापासून त्याला इलेक्ट्रिक गिटार करून दिली. वाजवताना चुकलं की तो म्हणायचा, “लाकडातच खोट आहे, बाबा.” वडील मान खाली घालायचे. आज तेच त्याला त्या गिटारसकट वाद्यांच्या दुकानात घेऊन आले. “सगळ्यात भारी गिटार दाखवा. माझ्या हातकामापायी पोराचं नाव व्हायचं राहिलं.” दुकानदाराने चकचकीत लाल गिटार काढली आणि फरक कळावा म्हणून आधी जुनी वाजवली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कपाटाचं दार बिजागरीसकट गात होतं. “हिला आज काय झालं रे?” वडील गोंधळले. ‘हवापालट झाला असेल,’ हे उत्तर मुलाच्या ओठांवर तयार होतं आणि लाल गिटार हातभर अंतरावर. “हिला काहीच झालेलं नव्हतं, बाबा. मलाच वाजवता येत नाही.” “म्हणजे मी सुतार बरा आहे?” वडिलांनी दोनदा विचारलं.