नातवाचा बाप्तिस्मा

"आई, फादर येईपर्यंत बाळ राहायचं नाही. तूच दे बाप्तिस्मा," काचेच्या पेटीतल्या बाळाकडे बघत लेक म्हणाली.

रेमेटीन वसईच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायची. कुणी मरणाच्या दारात असेल, तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, हे ती दरवर्षी शिकवायची. स्वतःवर ती वेळ येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

नर्सने वाटीत पाणी आणून दिलं.

"नाव काय ठेवायचं गं?"

लेकीने अजून ठरवलंच नव्हतं. "बाबांचं ठेव," ती कशीबशी म्हणाली.

रेमेटीनने पेटीत हात घातला. "आंतोन, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते," असं म्हणत तिने त्या इवल्याशा कपाळावर तीनदा पाणी ओतलं. पाणी गार लागून बाळाने तोंड वाकडं केलं. तिला वाटलं, आता रडेल. ते रडलं नाही.

फादर पोचले तेव्हा बाळ तोंडासकट पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं होतं.

"बाय, आज तुम्ही ख्रिस्ताचं काम केलंत," ते हळूच म्हणाले.

"ख्रिस्ताने मेलेल्या पोरीला हात धरून उठवलं होतं, फादर," रेमेटीन म्हणाली. "मला नुसतं पाणी ओतता आलं."